सहावं झाड

कायद्यानं सहा. टपाल कचेरीतल्या पोरीनं
नाव लिहून घेतलं: नेल्बा बेरुएता, वय सत्तर.
विचारलं, "आजी, तुमच्यासाठी?"
म्हटलं, बहिणीच्या बोटांसाठी.
दोरिलाला रात्री मूठ मिटता येत नाही,
तेलात मुरवून चोळते.
पोरीनं शिक्का मारला. शाई पुसट होती.

एकतीस वर्षं मी दफ्तरखान्यात काढली, नदीकाठी,
जिथं जन्ममृत्यूच्या वह्यांना बुरशी धरायची.
तेव्हा तिची आणि माझी ओळख जुनी.
ती दिसत नाही आधी,
आधी वास येतो: बंद पेटीचा, ओल्या लोकरीचा,
बरेच दिवस कुणी बोललं नाही अशा खोलीचा.

इकडे एप्रिल म्हणजे पानगळ.
आमची नदी इतकी रुंद की तिला दुसरा काठच नाही.
पहाटे ती धुकं होऊन कुंपण ओलांडते
आणि तुऱ्यातुऱ्यात बसून राहते,
उठ म्हटलं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखी.

म्हणून पाणी सकाळीच, तेही मुळाशी.
खालची पानं खुडलेली, मधे हात फिरेल इतकी जागा.
वर प्लास्टिकचं छप्पर, बाजू उघड्या.
पातं तडकलेला जुना पंखा दिवसभर खडखडतो.
आणि रोज पहाटे, मातेचा पहिला घोट घ्यायच्याही आधी,
एकेका झाडाचं खोड धरून हलवते,
शाळेला उशीर झालेल्या पोराला खांद्याला धरून हलवावं तसं.
दव टपटप पायांवर पडतं.

शेजारचा दार्दो कुंपणावरून हसतो.
"झाडं वाढवतेस की पोरं?
माझे तुरे बघ, मक्याच्या कणसाएवढे!"
तेच तर, दार्दो.
वाऱ्याला जिथं वाट नाही
तिथं तिला घर मिळतं.

माझ्याकडेही आलीच.
तिसरं झाड, सगळ्यात उंच, सगळ्यात देखणा तुरा,
आणि मधोमध एकच पान पिवळं.
एकच.
चिमटीत धरलं तर निघून आलं,
हलणारा दुधाचा दात यावा तसं.
बोटांनी तुरा जरा उकलला. आत तपकिरी लगदा,
त्यावर करडी लव.
मी श्वास रोखला. भीतीनं नाही,
फुंकरीनं ती उडेल म्हणून.

आधी कागदी पिशवी चढवली, मग कात्री.
चार बोटं खाली, चांगल्या हिरव्यात.
चांगलं कापताना हात अडतो.
दफ्तरखान्यातही अडायचा:
पिवळं पान, कुणा बाळाचं नाव,
आणि काठाकडून सरकत आलेला काळा डाग.
नाव वाचवायला समास कापायचा.
एकदा नावच कापावं लागलं.
कुणाचं होतं ते आठवत नाही,
आणि ते आठवत नाही हेच जास्त सलतं.

कात्री स्पिरिटमध्ये बुडवली. हात धुतले, पुन्हा धुतले.
दार्दो म्हणाला, "करडं तेवढं काढ की!
बाकीचं तेलात जाणार, कोण बघतंय?"
म्हटलं, ज्या हातांना मी चोळणार
ते हात माझ्या बहिणीचे आहेत.
फवारा? आता नाही. फुलं आल्यावर त्यांच्यावर
काहीही मारायचं नसतं,
ते पानं कोवळी असतानाचं काम होतं,
आणि तेव्हा मी आळस केला. लिहून ठेवते.

दोन रात्रींनी दार वाजलं.
दार्दो, हातात बॅटरी, टोपी काढलेली.
"नेल्बा, जरा येऊन बघतेस?"
मी काही बोलले नाही. कात्री घेतली.
त्याची सहापैकी चार गेली.
पिशव्या भरताना तो एकसारखा म्हणत होता,
वरून किती छान दिसत होतं गं.

माझं सहावं पाण्याच्या टाकीमागे होतं,
काडीपैलवान, विरळ, उपटायलाच निघाले होते मी.
त्याच्या फुलांतून पलीकडची भिंत दिसायची.
त्याला काही झालं नाही.
आता ते आमच्या बोळात उलटं टांगलंय,
दोन फांद्यांमधे हातभर अंतर ठेवून.
आधीच्या झाडांतलं वाचलेलं बरण्यांत आहे.

रोज संध्याकाळी झाकण उघडते, नाक घालते.
आतून दोरिला विचारते,
"कसला वास येतोय?"
गवताचा, म्हणते मी.
"पेटीचा नाही ना?"
नाही.
"मग राहू दे उघडी थोडा वेळ."