चाळीस पावलं

सहा दिवसांत तीनशे बारा पोती भरली आम्ही.
सिमेंटची रिकामी पोती, पांढरकवड्याहून ट्रॅक्टरनं आलेली,
आत नाल्याची रेती.
समारोपाच्या भाषणात आकडा लागतो म्हणून मोजली,
नाहीतर कोण मोजतं.

काळमेघ सरांनी पहिल्याच दिवशी नाल्याकडे बोट केलं : इथं.
इथं म्हणजे फोटोत मागे टेकडी यायची तिथं.
आम्ही इथं म्हणजे अगदी इथंच घातला बांध,
फावडं कसं धरायचं ते शिकत,
हातावरच्या फोडांना नावं देत.
(अश्लेषा गुल्हानेच्या फोडाचं नाव होतं श्रमदान.
तो चौथ्या दिवशी फुटला.)

झितरू किनाके रोज यायचे.
काठावर उकिडवे बसायचे, दुपट्ट्यात बांधलेली बोरं
एकेक करून खायचे,
बिया पुन्हा दुपट्ट्यात.
मी विचारायचो, बाबा, बराबर होऊन राह्यलं ना?
ते नाल्याकडे बघायचे, मग खाली वळणाकडे,
मग माझ्याकडे.
"चांगलं हाये. पोट्टे मेहनतीचे हायेत."

हेच उत्तर फॉर्मातही भरलं आम्ही, घरोघर.
प्रश्न अकरा, गावाच्या प्रमुख समस्या :
चांगलं हाये.
भीमाबाई टेकाम तेवढी उलट विचारत बसली.
तुह्या घरी किती जनं? माय काय करते?
तुले रांधता येते का?
नाही म्हणालो.
तिनं मान हलवली, हळहळून,
शौचालयाच्या रकान्यात 'नाही' लिहिताना
मी हलवली होती, थेट तशी.

शाळेच्या भिंतीवर गेरूनं घोषणा लिहिली,
'पाणी आडवा.'
तिसरीतल्या मुलीनं बोट ठेवून दाखवलं, सर, काना जास्त झाला.
वैभवनं पत्र्याच्या तुकड्यानं काना खरवडला.
काना गेला, त्याची खूण राहिली.

मार्चमध्ये एकटाच गेलो परत, एसटीनं, मग चालत.
अहवालात एक रकाना उरला होता,
बांधाची सद्यस्थिती.
पोडाबाहेर मोहाचा सडा, वास डोक्यात जाणारा.
टेकडी होती. नाला होता.
बांध नव्हता.
एक पोतंसुद्धा नव्हतं, फक्त रेतीत
आमच्या कामाएवढा चपटा डाग.
मी तिथंच बसलो. झितरूबाबांच्या जागेवर,
हे नंतर लक्षात आलं.

"खाली चाल," मागून आवाज आला.

चाळीस पावलं असतील.
नाला वळतो, दोन्हीकडून काळा खडक आत येतो,
आणि त्या अरुंद गळ्यात आमची पोती,
तीच, निळ्या अक्षरांची, तोंडं आमच्याच गाठींनी बांधलेली.
पलीकडे छातीभर पाणी.
एक म्हैस त्यात बसलेली,
सगळा प्रकल्प आपल्या नावावर असल्यासारखी.

"तुमची गाडी गेली अन् दुसऱ्या दिवशी उचलाले लागलो.
तीन दिवस लागले. सबन पोड होतं."

मग तेव्हा काहून नाही सांगितलं, बाबा?

ते हसले. दात मोजकेच.
"तुमी हौशीनं करून राह्यले होते.
अन् पोते तं भरूनच पायजे होते ना."

सवयीनं मोजली. तीनशे नऊ.
दोन शाळेच्या टाकीखाली सापडली.
एकाची भीमाबाईनं दारासमोर पायरी केली होती.
त्या पायरीवर बसवून तिनं माझ्याकडून वांगी चिरून घेतली,
देठ ठेव, म्हणाली, देठातच चव असते,
तुह्या मायनं सांगतलं नाही का?
भाजी खारट झाली. तिनं पुन्हा वाढून घेतली.

परतीच्या एसटीत रकाना भरला.
आधी लिहिलं, सुस्थितीत.
ते खोडलं.
मग लिहिलं, बांध चाळीस पावलं चुकला होता.
गावानं दुरुस्त केला.

काळमेघ सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.
मला वाटलं, आता हे वाक्य काढायला लावतील.

"कोणत्या बाजूनं?" एवढंच विचारलं त्यांनी.

खालच्या, म्हणालो.