हातचा एक

टाइस्तोने हा ड्रायव्हर लिहिला तेव्हा
ओउलूच्या धक्क्यावर पाणी वरून तिसऱ्या पायरीला लागायचं.
आता चौथीला. समुद्र हटत नाही इथे,
जमीनच वर येते, वर्षाला नखभर.
हिमयुगाचं ओझं उतरलं, तरी तिची पाठ अजून सरळ होतेच आहे.

धक्क्याखालचं यंत्र दर मिनिटाला कळवतं:
पाणी इतकं, वेळ अमुक.
वेळेसाठी टाइस्तोने ठेवली बत्तीस घरं,
त्यातलं पहिलं उणे-अधिकचं.
शेजारी शेरा: तोवर हे यंत्र गंजून गेलेलं असेल.

टाइस्तो गेला मार्चमध्ये, बर्फ तडकायच्या आत.

अडतीस सालची एकोणीस जानेवारी,
इथे पहाटेचे सव्वापाच वाजायला आलेले,
उरलेली एकतीस घरं एकांनी भरतील
आणि पुढच्या सेकंदाचा हातचा एक
जाऊन बसेल चिन्हाच्या घरात.
यंत्र शांतपणे सांगेल: आज शुक्रवार,
तेरा डिसेंबर एकोणीसशे एक.
तेव्हा हा धक्काच नव्हता.

पाण्याला उणं चालतं, इथे ते रोजचंच.
वेळेला नाही.

हेल्का म्हणाली, चिन्हच काढून टाक ना,
एकवीसशे सहापर्यंत निभेल.
निभेल, खरंच. वेळ मारून नेता येते.
पण त्या फेब्रुवारीतही कुणाला तरी
झोपेतून उठवतीलच की.

चौसष्ट घरं केली.
जिथे जिथे ‘आत्ता’तून ‘मघाशी’ वजा होत होतं
ती प्रत्येक ओळ बोटाने वाचली.
जुने प्रोग्राम अजून लहानच भांडं पुढे करतात,
त्यांच्यासाठी बाजूचं दार ठेवलं.
आणि तरंगा स्थिरावेपर्यंत थांबायचं असतं, तिथे
तारीख विचारणंच बंद केलं.
सुरू झाल्यापासून किती वेळ गेला, एवढंच विचारायचं.
घड्याळ कुणी पुढे करो, मागे करो,
गेलेला वेळ कमी होत नाही.

मग चाचणीच्या मशीनवर ती पहाट लावली
आणि कॉफी घेऊन बसले.
पाच सेकंद. सहा. सात.
आठ.
पाणी उणे अकरा. एकोणीस जानेवारी.
काहीच झालं नाही. एवढ्यासाठी तीन आठवडे.

बदल का केला, ते लिहायला एक ओळ असते.
टाइस्तोचा शेरा पुसला, आणि त्या ओळीत लिहिलं:
यंत्र गंजलं नाही.