शिंप्याचा टेप

नंदेश्वर मॅडम पारडीच्या शाळेत रुजू झाल्या
तो सव्वीस जून. ऊन अजून मे महिन्याचंच.
पर्समधून त्यांनी आधी पेन नाही काढला.
टेप काढला. पिवळा, एका टोकाला कुरतडलेला,
वडलांचा. गड्डीगोदामात त्यांचं दुकान होतं म्हणे,
रेल्वेवाल्यांच्या वर्द्या शिवायचे.

मी शिपाई. माझं नाव सहसा कोणी विचारत नाही.
त्यांनी विचारलं, आणि लगेच म्हणाल्या,
गोवर्धनभाऊ, हे टोक धरा.

अशी आम्ही दोघांनी शाळा मोजली.
पायरी, साडेसहा इंच.
(साडेसहा इंच म्हणजे किती, ते निशांत बिनेकरच्या आईला विचारा,
रोज त्याला कडेवर घेऊन वर्गात ठेवायची,
तो सहावीत गेला तरी.)
नळाची तोटी, जमिनीपासून त्रेचाळीस.
मुलींच्या संडासाची कडी आतून लागतच नव्हती,
तिच्यापुढे त्यांनी आकडा नाही लिहिला,
नुसती रेघ ओढली, कागद फाटेपर्यंत.

मी म्हटलं, मॅडम, हे मोजून काय करून राहिल्या?
म्हणाल्या, मापाबिगर शिवता येते का काही?

दिवाळीनंतर गणवेशाचे गठ्ठे आले.
नग एकशे बारा. माप एक.
वर शिक्का : समान वाटप.
दुसरीतल्या दुलारू उईकेचे हात बाह्यांत हरवले.
सातवीतल्या अंजुमची सलवार पोटरीवरच थांबली,
ती दोन दिवस शाळेत आली नाही.
आणि फुलेसरी, कापसीकडच्या वीटभट्टीवरची,
तिचं नाव रजिस्टरात चढायचं होतं,
तिला गठ्ठ्यात काहीच नव्हतं.

साहेबांना फोन लावला.
साहेब म्हणाले, सगळ्यांना सारखं मिळालं ना? मग?
मॅडमनी फोन ठेवला. बराच वेळ टेप बोटांना गुंडाळत बसल्या.
बाबांनी सगळ्यांना सारखंच शिवलं असतं, म्हणाल्या,
तर दुकान आठ दिवसांत बंद पडलं असतं.

शनिवारी दोन मशिनी आल्या, हातगाडीवरून, गोळीबार चौकातून.
आया आल्या. एक कोष्टी आजोबा आले, चष्म्याला दोरा बांधलेले.
जे दुलारूच्या बाहीतून निघालं
ते अंजुमच्या सलवारीला लागलं.
जोड दिसत होता.
दिसू द्या, मॅडम म्हणाल्या.
रात्री उरलेल्या चिंध्यांतून एक फ्रॉक झाला,
एकशे तेरावा,
कोणत्याच कागदावर नसलेला.

सगळं गोड झालं असं नाही.
समितीचे वैरागडे पंगतीत येऊन उभे राहिले,
भट्टीवरची पोरं आमच्या पोरांजवळ कशाला, म्हणाले.
मॅडमनी त्यांच्या हातात टेप दिला.
किती अंतर पाहिजे, मोजून सांगा.
खिचडी निवत होती. पोरं बघत होती.
वैरागडेंनी टेप उलगडला, थोडासा,
मग घडी करून परत दिला.
पुढच्या वर्षी त्यांनी पोरगा कॉन्व्हेंटला टाकला.

फुलेसरी भट्टी विझल्यावर गावी गेली.
मॅडमनी तिच्या दप्तरात चिठ्ठी दिली, तिकडच्या मास्तरसाठी,
मराठीत अन् हिंदीत, आणि खाली तिचं माप :
छाती, उंची, आणि "तीसपर्यंत पाढे".
चिठ्ठी पोचली का, माहीत नाही.

मॅडमची बदली जयताळ्याला झाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला.
टेप ऑफिसच्या खिळ्यावर राहिला.
विसरल्या की ठेवला, मी विचारलं नाही.

यंदा नव्या ठेकेदारानं नळ बदलले.
मी एकटाच मोजून पाहिलं, टोक पायाखाली दाबून.
त्रेचाळीस.

नव्या सरांच्या दारात गेलो.
म्हटलं, सर, जरा हे टोक धरता का?
सर मोबाइलवर होते. हातानं थांबा म्हणाले.
मी थांबलो आहे.
टोक पुढे करूनच.