सांभार

एप्रिल लागला की इंदोऱ्यात आमच्या गल्लीला
काही ऐकू येत नाही.
सतरा घरं, सतरा कूलर,
तुझ्या-माझ्यात साडेचार इंचाची एक भिंत.

तू ब्लाउज टाकायला आलीस
आणि नवतपा तोंडावर असताना
मनगटापर्यंत बाह्या मागितल्यास.
मी टेप लावला. दंड साडेदहा.
टेपखाली चार बोटं उमटलेली,
अंगठा आतल्या बाजूला.
"मोरीत पडली न बाप्पा," म्हणालीस.
मी वहीत लिहिलं: बाही लांब, अस्तर नको.

दुसऱ्यांदा बोलले. नको तसं बोलले.
सोडून काहून नाही देत त्याले, तक्षशीला,
मी असती तर...
तू पदर सारखा केलास
आणि तीन महिने फॉल-पिको कमाल चौकातून करून आणलंस.
'मी असती तर' हे मी त्यानंतर
कोणालाच म्हटलेलं नाही.

मग एका रात्री लाइट गेली.
सतरा कूलर घरघरत थांबले
आणि सगळ्या गल्लीला तू ऐकू आलीस.
कोणाच्या तरी हातून चमचा पडला.
अंगणात खाट टाकलेल्या ढोकेकाकांनी कूस बदलली.
मी तुझं दार वाजवलं. सुचलं ते विचारलं:
सांभार आहे का थोडा?
तो दारात, घामाने निथळत. "अकरा वाजता सांभार?"
त्याच्या बगलेखालून तुझा हात आला,
हातात जुडी, मुळांसकट, मातीसकट.
लाइट आली.
गल्ली पुन्हा बहिरी झाली.

तेव्हापासून तेच आपलं.
सांभार आहे का, म्हणजे बरी आहेस का.
आहे, म्हणजे आहे.
संपला, म्हणजे ये, एकटी येऊ नको.
चारदा संपला.
एकदा पोलीस आले,
तुझ्याच हातचा चहा पिऊन गेले.

तू एकेक आणत गेलीस, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून:
आधार, बारावीची मार्कशीट, पासबुक,
प्रज्योतचा जन्मदाखला,
कधी दोनशे, कधी नुसते वीस.
मी कधी, कुठे, काही विचारलं नाही.
मध्येच एकदा सगळं परत मागितलंस.
"सुधरला आता तो."
माझ्या जिभेवर खूप काही होतं. पैसे मोजून दिले.
अकराव्या दिवशी आधार कार्ड परत आलं,
मधोमध दुमडलेलं.

सत्तावीस मे, दुपारचे अडीच.
गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.
दोघींनी तोंडाला दुपट्टे बांधले, मध्ये पोरगं, माझी स्कूटी.
सिग्नलला तुझा दीर शेजारीच उभा होता.
त्याने पाहिलं. ओळखलं नाही.
उन्हाळ्यात या शहरातल्या सगळ्या बायका
नुसते डोळे असतात.
गणेशपेठच्या स्टँडवर तू म्हणालीस,
"भाजी उघडीच राहिली गं कढईत."
मी म्हटलं, पाणी पी.

रात्री त्याने माझं दार बडवलं.
"कुठी गेली ते?"
"काय?"
"कुठी गेली म्हन्तो!"
मी कानामागे हात धरला.
"कूलर सुरू आहे ना, भाऊ.
काहीच ऐकू येत नाही."
हात थरथरत होता. तो कानामागेच राहू दिला.
ढोकेकाका आपल्या खाटेवरून उठून बसले.
बोलले काही नाहीत. पण उठून बसले.

पोळा झाल्यावर एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला.
गाव लिहिलेलं नव्हतं.
नावही नाही.
"इथं सांभार मांगतला तं भाजीवाली हसते.
कोथिंबीर म्हना लागते."

मी मशीन थांबवून दोनदा वाचलं.
मग विचारलं, आहे का?

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.