पेव

योसेफाला भावांनी टाकलं तो खड्डा
हरिपुरात आहे, असं नऊ वर्षांची होईपर्यंत
मी धरून चालले होते.
आप्पांनीच सांगितलेलं. शद्रक दादू आवळे,
हळदीचे हमाल. रविवारी देवळात मागच्या बाकावर,
बाकीचे सहा दिवस जमिनीखाली.

वाचताना खड्डा आला की त्यांचं बोट थांबायचं.
"खड्डा न्हवं. प्याव."
तोंड एका माणसापुरतं, पोट खोलीएवढं,
तळाला शेण्या, कडेनं पाचट,
आणि पोत्यांवर पोती हळद, अंधारात वर्षानुवर्षं.
"पाणी न्हवतं त्यात, म्हंजे माती चांगली.
आपल्याकडचीच आसनार."

आमोस, माझा भाचा, पुण्यात उत्खननाचं शिकतो.
नाताळात आला होता.
करंजी खाता खाता म्हणाला, आत्या,
योसेफ नावाचा कुणी प्रधान
मिसरच्या एकाही शिलालेखात सापडत नाही.
धान्याचे हिशेब आहेत, नदीच्या पुराचे आहेत,
मांजरांच्यासुद्धा ममी आहेत. हा नाही.
गोष्ट आहे. चांगली आहे. पण गोष्ट.

मला शेठजींच्या वखारीतली वही आठवली.
आप्पांच्या नावाचा काही पुरावा मिळतो का
म्हणून एकदा गेले होते मी.
नातवानं काढून दिली, लाल कापडाची, वाळवीनं कोपरा खाल्लेली.
वजन, दर, घट, तोलाई,
कुठल्या पेवातून किती निघाली,
उंदरांनी नासलेली अडीच पोतीही धरलेली.
माणसांसाठी एक रकाना: हमाली.
शद्रक नाही. दादू नाही.
ईश्वरा ऐवळे नाही, जो कंदील न सोडताच उतरला
आणि दोरीनं वर काढला तेव्हा
ओठ जांभळे होते ज्याचे.

हे सांगून मला वाटलं, जिंकले.
आमोस करंजीचा कण बोटानं टिपत म्हणाला,
असं धरलं तर ज्याची ज्याची नोंद नाही
तो तो होऊन गेला म्हणावं लागेल.
बरोबर होतं त्याचं.

आणि ईश्वराचं तरी काय?
आई जायच्या आदल्या आठवड्यात म्हणाली,
ईश्वरा कुणी नव्हताच गं.
तो ह्यांचा थोरला भाऊ.
कंदील सोडायला वेळ नको म्हणून घाई केली ती ह्यांनीच.
यातलं खरं काय, मी आप्पांना विचारलं नाही.
एवढंच माहीत आहे की भाऊ मिसरात येतात,
योसेफ सगळ्यांना बाहेर काढून मोठ्यानं रडतो,
तो भाग आप्पांनी कधी वाचला नाही.
"तू वाच," म्हणायचे,
आणि स्वच्छ असलेली कंदिलाची काच पुसत बसायचे.

दुसऱ्या दिवशी तिघं हरिपूरला गेलो.
महापुरानं बहुतेक पेवं ढासळली,
हळद आता शीतगृहात असते, नंबराच्या कप्प्यात.
एका गोठ्यामागं एक उरलंय. त्यावर फरशी, फरशीवर शेळी.
शेळी हाकलली, फरशी सरकवली.
आतून तोच वास आला, हळदीचा आणि ओल्या मातीचा,
लहानपणी आप्पांच्या सदऱ्याला यायचा तो.

आमोसनं मोबाईलचा उजेड आत सोडला.
भिंतीवर फावड्याचे वार दिसले,
तळाशी पाचटाचं काळं, एक तुटका दोर.
तो भराभर फोटो काढत होता,
खोली किती, माती कसली, साल कोणतं.
मग चप्पल काढून कठड्यावर पाय टाकला,
उतरतो म्हणाला, दोनच मिनिटं.

आप्पांनी त्याचं मनगट धरलं.
एक्क्याऐंशी वर्षांच्या हातात इतका जोर
कुठून आला कोण जाणे.
मोबाईलकडे बघत म्हणाले,
"ह्यो इजत न्हाई रं.
मग आत काय हाय, कळायचं कसं?"