सोळाशेच्या आत-बाहेर

याकूब सोलकर तिकीट काढायला येत नाही.
टँकर लांब उभा करून रुवीतल्या आमच्या काचेशी येतो,
नको म्हटलं तरी चपला दाराबाहेर काढतो
आणि विचारतो, "ताई, उडत गेलं तर किती?"

मस्कत ते मुंबई. सोळाशे किलोमीटर, मी म्हणते,
थोडं आत-बाहेर.
"आणि वेळ?"
अडीच तास.
तो मान हलवतो, भाव पटला नाही तशी.
पुढे बाणकोट आहेच, अख्खी एक रात्र आणि खाडी,
पण ती माझ्या पडद्यावर दिसत नाही.

आज तळहातावर आकडा लिहून आणला होता,
टँकरच्या मीटरवरचा. सहा लाख चाळीस हजार.
घुब्र्याला पाणी भरायचं,
डोंगर चढून अमरातच्या कॅम्पांत ओतायचं,
खडखडत रिकामं उतरायचं. बारा वर्षं.
माझ्या कॅल्क्युलेटरवर त्यानेच भाग दिला,
जाड बोटाने. एकदा चुकला. पुन्हा दिला.
चारशे.

"चारशे वेळा समुद्र ओलांडला म्हणजे मी.
आणि घरी पोचलो चारदा."
पहिल्यांदा गेला तेव्हा मुलगी
त्याला बघून शेजारणीच्या कडेवर चढली होती.
मागच्या खेपेला तिनेच त्याला
त्याच्या नव्या फोनवरचं मराठी लावून दिलं.

पाणी कुठलं वाहतोस, मी उगाच विचारलं.
"समुद्राचंच. मीठ काढलेलं."
मग स्वतःशीच हसला.
"मधला समुद्रच उपसतोय की, ताई.
तळ काही दिसत नाही."

काय बोलावं ते सुचेना,
म्हणून पडदा त्याच्याकडे वळवला आणि दाखवलं,
गिऱ्हाइकांना सांगून सांगून मी थकले ते:
जाताना रात्री दहाला सुटतं, दोनला उतरतं.
येताना दहाला सुटतं, अकराला उतरतं.
विमान तेच. घड्याळांत दीड तासाचा फरक,
दोन्हीकडे तिथली तिथली वेळ छापतात.
नुसतं छापलेलं वाचलं
तर घरी जायला चार तास,
घर सोडून यायला एक.

तो बराच वेळ वाचत राहिला.
ओठ हलत होते, हिशोब करताना हलतात तसे.
"हे बरोबर छापलंय," म्हणाला.

बाहेर कुणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच बसलं होतं.
तो गेला. तळहात मिटलेला,
आकडा पुसू नये म्हणून की काय.
कॅल्क्युलेटरवर चारशे तसेच होते.
मला नऊ वर्षं झाली इथे.
माझ्या खुर्चीला मीटर नाही, तेवढं बरंय.

फोन वाजला. नवा आवाज, घाईतला:
मुंबईला किती वेळ लागतो हो?
रोजचं उत्तर जिभेवर तयारच होतं.
मी विचारलं,
जायला, की यायला?