ताण

धक्क्यावरच्या दुकानात खोबरेकरांनी
हिरव्या दोराचं भेंडोळं पुढ्यात टाकलं.
"गे बाय, ह्यो अख्खो ट्रॉलर वढता.
तुझा वजन ता कितक्या?"
त्रेपन्न किलो, मी म्हटलं,
वर रंगाचा डबा, ब्रश, कमरेचा पट्टा
आणि भीती.
भीती त्यांनी हिशेबात धरली नाही. जाळ्यांचा माणूस.

मी दोर नखानं खरवडला.
उन्हात राहून पिठूळ झालेला.
उतरताना कडी तापते, आणि असला दोर
तापल्या कडीत मेणासारखा मऊ होतो.
ट्रॉलर ओढणं वेगळं.
तिथं दोर तुटला तर ट्रॉलर तरंगतो.

इनास फर्नांडिसकडे एक निळा होता,
सह्याद्रीचे कडे चढून आलेला, खरा, महागातला.
पडत्या माणसाला झेलणारा,
झेलताना स्वतः लांबणारा.
त्यावर मी पाण्याच्या टाकीवरून लटकून पाहिलं.
तीस मीटर दोर.
तळाशी नुसती बसले, तर दोन मीटर खाली.
भिंतीला पाय टेकवून हलकी झाले की वर,
ब्रश बुडवायला रेलले की खाली.
शाळेतली पोरं कुंपणावर बसून मोजत होती,
एकोणीस, वीस, एकवीस.

असं हेलकावत दीपगृहाच्या पट्ट्याची कड रंगवता येत नाही.
काळा कुठं संपतो, पांढरा कुठं लागतो,
हे होडीतून बघणारे बघतात.
दिवसा दिवा नसतो.
दिवसा पट्टाच.

मग पुण्याहून मागवला.
मालवण डेपोत एसटीच्या टपावरून उतरला,
आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमधून.
अकरा मिलिमीटर, पांढरा, अंगात एक काळी रेघ.
कमी ताणणारा.
सोबतच्या कागदावर किती वजन, कुठली गाठ, कुठली तारीख,
आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ
मी तीनदा वाचली:
हा दोर पडण्यासाठी नाही.

म्हणजे धरेल.
झेलणार नाही.
ढिला सोडून हातभर जरी घसरलीस
तरी हिसका कमरेत, मणक्यात, दातांत.
म्हणून वरचा दोर कायम ताठ,
शेजारी दुसरा, वेगळ्या खुंट्याला.
इनास म्हणाला, कडक आहे गं.
मी म्हटलं, कडक नाही, स्पष्ट आहे.

नवा दोर आधी गोड्या पाण्यात भिजवायचा,
आटायचा तेवढा आटू द्यायचा,
मग सावलीत वाळवायचा, पोफळींच्या मधे.
आईनं लांबून बघितलं
आणि त्यावर सुके बांगडे टांगायला निघाली.
मी धावले.

बाबा पाडेली. चाळीस वर्षं माडांवर,
पायात सुंभाचं वेटोळं, कमरेला कोयता,
वर धरायला माड स्वतः.
एकदाच पडले. गुडघा अजून वळत नाही.
त्यांनी पांढरा दोर तळव्यावर घेतला, अंगठ्यानं दाबला,
उलटसुलट केला.
"ह्याचो पीळ खंय गेलो?"
आत आहे, मी म्हटलं. वरचं नुसतं कवच.
आत धाग्यांचा गाभा, आणि प्रत्येक धाग्याला पीळ.
"जळल्यार?"
जळला तर वितळेल, बाबा. राखेत पीळ उरायला
हा सुंभ नाही.
ते बराच वेळ गप्प होते.
"मग जपान वापर," म्हणाले.

मनोऱ्यावरून पहिल्यांदा उतरले तेव्हा
वारा पाठीला खारट.
वर होते तोवर दोर बोटभर लांबला,
मध्यावर वीतभर,
आणि थांबला.
मी ब्रश टेकवला. कड सरळ आली.
इतकंच.
कावळेही उडाले नाहीत.

खाली बाबा दोराच्या शेपटाशी उभे,
काही गरज नसताना.
टोक कडीतून निसटू नये म्हणून
शेवटाला मी गाठ मारून ठेवली होती.
त्यांनी ती निरखली. नापसंत.
तिच्यावर स्वतःची आणखी एक मारली,
माडावरची, सुंभाची, चाळीस वर्षांची.

मी खाली पोचले अकराला.
ती गाठ सोडवायला
दुपार झाली.